दोन प्लॉट

"वहिनी, प्लॉट लाल रेषेच्या बाहेर आहे. चाळीस पावलं बाहेर. मी स्वतः चालून मोजली."

माझे धाकटे दीर जेवणावरून उठले, हात धुतले आणि नकाशाची झेरॉक्स टेबलावर पसरून बसले. सांगलीत जमीन घेताना पूर्वी लोक रस्ता आणि विहिरीचं पाणी बघायचे. आता आधी पूररेषा बघतात. नकाशावर कृष्णेच्या दोन्ही अंगांनी दोन रेघा चालल्या होत्या, एक निळी, एक लाल. लाल रेघेच्या पलीकडं भाऊजींनी बॉलपेननं एक चौकोन काढला होता.

"आता घ्यायला हरकत नाही ना? तुमचा तर हाच विषय."

विषय हाच, हे खरं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि एम.एस्सी.च्या मुलांना दर वर्षी एक आलेख काढायला लावते. त्याला रिटर्न लेव्हल प्लॉट म्हणतात. मराठीत नाव द्यायचे माझे सगळे प्रयत्न फसलेत. 'परताव्याची पातळी' म्हटलं की मुलांना मुदत ठेव आठवते, 'परतीची पातळी' म्हटलं की परतीचा पाऊस. शेवटी वर्गात आम्ही सरळ रिटर्न लेव्हलच म्हणतो. भाऊजींच्या नकाशावरची लाल रेघ म्हणजे मुळात अशाच एका आलेखावरचा एक आकडा, जमिनीवर उतरवलेला. हे सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, "मग माझा प्लॉट मी दाखवला, आता तुमचा दाखवा."

आमच्याकडं पावसाळ्यात कुणी भेटलं की 'कसे आहात'च्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, असा त्याचा अर्थ. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. २००५मध्ये पाणी ५३च्या पुढं गेलं, २०१९मध्ये ५७च्या पुढं, आणि २०२१मध्ये पुन्हा ५४-५५च्या घरात. नकाशावरच्या रेघांची व्याख्या मात्र याहून जुनी, राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या १९८९च्या परिपत्रकातली. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट पाण्याची, यातली जी वरची असेल ती. लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळीपासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र. लालच्या पलीकडं पुराच्या नावानं कुणी अडवत नाही. भाऊजींचा चौकोन तिथं होता.

"शंभर वर्षांतून एकदा, म्हणजे २०१९ला येऊन गेला. आता थेट २११९ला," भाऊजी म्हणाले. हे सगळेच म्हणतात. शिकलेले जास्त ठासून म्हणतात.

शंभर वर्षांचा पूर हे वेळापत्रक नाही. दर वर्षी तेवढं किंवा त्याहून जास्त पाणी येण्याची शक्यता शंभरात एक, एवढंच ते सांगतं. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. भाऊजी वीस वर्षांचं कर्ज काढणार होते. लाल रेषेवरच्या घरात हप्ते संपायच्या आत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता मी कॅल्क्युलेटरवर काढून दाखवली: ०.९९चा विसावा घात, एकातून वजा. १८ टक्के. निळ्या रेषेवर तेच गणित ५६ टक्क्यांवर जातं. भाऊजींनी कॅल्क्युलेटर हातात घेऊन पुन्हा करून पाहिलं. बँकेत नोकरी झालेली, आकड्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो माझी मुलं सहसा तिसऱ्या तासाला विचारतात.

"नोंदी किती वर्षांच्या असतात तुमच्याकडं?"

"पन्नास. साठ. फार तर सत्तर."

"मग शंभर वर्षांचा पूर कुणी मोजला?"

कुणीच नाही. तो मोजत नाहीत, काढतात.

कसा काढतात हे सांगायला मी इचलकरंजीच्या मुलांचा आधार घेते. वर्गात एखाद-दुसरं तरी असतंच, आणि घरी यंत्रमाग असतो. सूत कुठं तुटतं, असं विचारलं की उत्तर तयार असतं: जिथं सर्वांत कच्चं असेल तिथं. सुताची सरासरी ताकद कितीही असो, माग थांबवायला एक कच्ची जागा पुरते. मँचेस्टरला कापूस-उद्योगाच्या संशोधन संस्थेत टिपेट नावाचा संख्याशास्त्रज्ञ नेमका याच प्रश्नात अडकला होता. १९२८ साली रोनाल्ड फिशरबरोबर त्यानं एक शोधनिबंध लिहिला. सरासऱ्यांचं एक शास्त्र असतं, तसंच टोकांचंही असतं, आणि भरपूर नोंदींमधून फक्त सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान नोंद उचलत गेलो, तर तिची वाटणी मोजून तीनच साच्यांत बसते, असं त्यांनी दाखवलं. सुतासाठी सर्वांत लहान, नदीसाठी सर्वांत मोठी. पुढं १९५५ साली जेन्किन्सन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं ते तीन साचे एकाच सूत्रात ओवले. आज कुठलंही सॉफ्टवेअर तेच सूत्र वापरतं.

हे सगळं पुरांवर लावून दाखवणारा माणूस एमिल गम्बेल, आणि त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. जन्म म्युनिकचा, १८९१चा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खून पडत होते. यानं ते मोजले. उजव्यांनी केलेले ३५४, डाव्यांनी केलेले २२, आणि कुणाला न्यायालयानं किती शिक्षा दिली त्याचा तक्ता. १९२२ साली ते छापलं. त्याचं बक्षीस म्हणून छळ झाला, १९३२ साली हायडेलबर्ग विद्यापीठातली नोकरी गेली. मग फ्रान्स, तिथून अमेरिका. टोकाच्या घटनांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९५८ साली आला. लोक ज्याला अपवाद म्हणून सोडून देतात ते मोजत बसायची या माणसाची खोड जुनीच होती, असं मला वाटतं.

गम्बेलच्या नावाचा एक आलेख-कागदही होता. जुने अभियंते अजून त्याची आठवण काढतात. त्यावरच्या उभ्या रेघा समान अंतरावर नसायच्या. कुठं विरळ, कुठं दाट, अशा बेतानं छापलेल्या, की साध्या साच्यातले पूर त्यावर टिंबांनी मांडले तर सरळ रेषेत यावेत. मग पट्टी ठेवायची, पेन्सिलनं रेघ पुढं ओढायची आणि शंभरच्या उभ्या रेघेला ती कुठं छेदते ते वाचायचं. आता 'आर' नावाचं सॉफ्टवेअर ते काम करतं. ऑकलंड विद्यापीठातल्या दोघांनी, रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी, सुरू केलेलं. फुकट आहे, म्हणून आमच्यासारख्या कॉलेजांना परवडतं.

भाऊजींना मी सांगलीचा आलेख दाखवला नाही. पोर्ट पिरीचा दाखवला. हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं, स्पेन्सर आखाताच्या काठचं बंदर. तिथली १९२३ ते १९८७ या ६५ वर्षांतली दर वर्षाची सर्वांत उंच समुद्रपातळी स्टुअर्ट कोल्स यांच्या २००१ सालच्या पाठ्यपुस्तकात आहे, आणि त्या पुस्तकाच्या जोडीचं 'इस्मेव्ह' हे पॅकेज उतरवून घेतलं की ती नोंदही सोबत येते. उत्तरं पुस्तकात छापलेली असल्यानं मुलांनी चूक केली की लगेच कळतं. शिकवणाऱ्याला याहून दुसरं काय हवं?

एक आज्ञा दिली की सॉफ्टवेअर त्या ६५ आकड्यांवर सूत्र बसवून तीन आकडे देतं. पहिला, साधारण कुठल्या उंचीभोवती वार्षिक उच्चांक फिरतात: ३.८७ मीटर. दुसरा, ते किती पसरतात: ०.१९८. तिसरा आकाराचा, आणि सगळं नाटक त्याच्यातच आहे: उणे ०.०५. आकाराचा आकडा शून्य असेल तर आलेखातली रेघ सरळ चढते. उणे असेल तर पुढं जाता जाता खाली झुकते, म्हणजे पुराला कुठंतरी छत आहे. अधिक असेल तर रेघ वर उसळते आणि छत नसतं.

दुसरी आज्ञा दिली की चार छोटे आलेख एकदम येतात. मुलं नेहमी चौथ्याकडं बघतात, कारण तो ओळखीचा, डोंगरासारखा दिसतो. बघायचा असतो तिसरा. त्याच्या आडव्या अक्षावर वर्षं असतात, पण १, १०, १००, १००० अशी दहापटीनं, समान पावलांवर. उभ्या अक्षावर पातळी. मधली काळी रेघ म्हणजे सूत्राचं म्हणणं, आणि टिंबं म्हणजे खरोखर घडलेलं. सर्वांत मोठं टिंब ६६ वर्षांच्या आसपास, दुसरं ३३च्या, तिसरं २२च्या. ६५ वर्षांच्या नोंदीत पहिल्या क्रमांकाला ६६ मिळतात, मग तो पूर प्रत्यक्षात पाचशे वर्षांतला असो की चाळीस वर्षांतला. टिंबाला आपण खरोखर किती वर्षांतलं आहोत ते ठाऊक नसतं, त्याला फक्त रांगेतला नंबर ठाऊक असतो. त्यामुळं उजवीकडचं शेवटचं टिंब रेघेपासून सुटलेलं दिसलं तर लगेच सूत्राला नावं ठेवायची घाई करू नये.

शंभरवर बोट ठेवून काळ्या रेघेपाशी गेलो की ४.६९ मीटर. ही पोर्ट पिरीची शंभर वर्षांची पातळी, त्यांची 'लाल रेषा' म्हणा.

"बास की," भाऊजी म्हणाले. "मिळालं उत्तर."

"या दोन निळ्या रेघा बघा."

काळ्या रेघेच्या वर-खाली दोन निळ्या रेघा असतात. डावीकडं, एक-दोन वर्षांच्या पातळीपाशी, त्या काळीला चिकटून. उजवीकडं जाल तशा फाकत जातात, मगरीच्या जबड्यासारख्या. शंभर वर्षांपाशी खालची ४.३८वर, वरची ५.०० मीटरवर. या पट्ट्यात खरी पातळी असावी असा ९५ टक्क्यांच्या हिशेबाचा अंदाज. म्हणजे ६५ वर्षं कुणीतरी नेमानं समुद्र मोजला, उत्तम सूत्र लावलं, आणि तरी शंभर वर्षांच्या पातळीबद्दल दोन फुटांची अनिश्चितता उरली. कारण तो तिसरा आकडा. उणे ०.०५ खरा, पण ६५ वर्षांच्या बळावर तो उणे ०.२४पासून अधिक ०.१४पर्यंत कुठंही असू शकतो. रेघ वर वळते की खाली, हेच त्या नोंदीला नीट सांगता येत नाही.

आणि सॉफ्टवेअर तर तो आलेख न विचारता हजार वर्षांपर्यंत काढून देतं. ६५ वर्षांच्या शिदोरीवर. त्याला संकोच नसतो. संकोच आपण आणायचा असतो, म्हणून मी मुलांना शंभरच्या पुढचा भाग तळहातानं झाकायला लावते.

त्या निळ्या रेघांचीही एक खोट आहे. त्या काळीपासून वर जितक्या तितक्याच खाली असतात, कारण सॉफ्टवेअर सोयीसाठी चूक दोन्हीकडं सारखी वाटतं. पूर तसा वागत नाही. पाणी अमुक इतकं तरी येतंच, हे नोंदी बऱ्यापैकी सांगतात, कारण तेवढं आलेलं असतं. किती वर जाऊ शकतं, हे सांगताना त्या अडखळतात. म्हणून दुसरी एक रीत आहे. शंभर वर्षांची पातळी ४.५० धरून बघा, मग मिळालेल्या नोंदी कितपत शक्य वाटतात ते तपासा. मग ४.५१ धरा, ४.५२ धरा, असं एकेक पातळीला उभं करून उलटतपासणी घ्या. पॅकेजमध्ये तिच्यासाठी वेगळी आज्ञा आहे, थोडा वेळ खाते, आणि बहुतेक जण ती देतच नाहीत. पोर्ट पिरीला ती दिली की पट्टा ४.३८ ते ५.०० न राहता ४.५० ते ५.२७ असा येतो. मधला आकडा तोच, ४.६९. खाली साडेसात इंच जागा, वर तेवीस इंच.

भाऊजींनी माझी पेन्सिल घेऊन झेरॉक्सच्या कडेला लिहिलं: साडेसात, तेवीस. त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता थोडं माझं स्वतःचं. मुलांसमोर मी हे फार उत्साहानं सांगत नाही, पण सांगते.

वर्षाचा एकच उच्चांक घेण्यात बराच माल वाया जातो. एखाद्या वर्षी तीन मोठे पाऊस झाले तर दोन फेकायचे, आणि कोरड्या वर्षाचा किरकोळ पाऊस मात्र उच्चांक म्हणून मिरवायचा. म्हणून दुसरी पद्धत अशी, की एक उंबरठा ठरवायचा आणि त्याच्या वरचा प्रत्येक दिवस घ्यायचा. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणच्या साठ वर्षांच्या रोजच्या पावसावर ही पद्धत लावली. आलेख सुरेख आला. टिंबं रेघेवर अशी बसली होती की मोत्याची माळ. मी तो एका चर्चासत्रासाठी छापूनही घेतला.

आदल्या रात्री सहज नजर गेली. सर्वांत मोठं टिंब आडव्या अक्षावर वीसच्या जवळ होतं. साठ वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस विसाच्या घरात कसा? ते साठच्या आसपास असायला हवं. तासभर सूत्रं तपासली, कुठं चूक नाही. मग पुन्हा मूळ तक्ता उघडला आणि ओळी मोजल्या. ७,३२०. साठनं भागा: १२२. जून ते सप्टेंबरचे दिवस. माझ्याकडच्या तक्त्यात फक्त पावसाळा होता, उरलेले महिने कुणी टिपलेच नव्हते, आपल्याकडं टिपून करायचं तरी काय. पण सॉफ्टवेअर, वेगळं काही सांगितलं नाही तर, वर्षाच्या ३६५ नोंदी गृहीत धरतं. त्यानं माझ्या साठ पावसाळ्यांची वीस वर्षं केली होती. मी 'शंभर वर्षांचा पाऊस' म्हणून जो आकडा छापला होता, तो प्रत्यक्षात जवळजवळ तीनशे वर्षांचा होता.

चूक कुणाची? माझी. पण ती आलेखात का दिसली नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. रेघ चुकीच्या जागी होती आणि टिंबंही तेवढीच चुकीच्या जागी होती, दोघं हातात हात घालून सरकली होती. त्यामुळं दोघांचं उत्तम जमत होतं. आलेख छान दिसतो याचा अर्थ रेघ आणि टिंबं यांचं आपसात पटतं एवढाच. तेव्हापासून मी मुलांना पहिला प्रश्न हाच विचारते: शेवटचं टिंब कितीवर आहे, आणि तुझी नोंद किती वर्षांची?

असाच एक खड्डा चिन्हाचा. आकाराचा तो आकडा काही पुस्तकं आणि पॅकेजं उलट्या चिन्हानं लिहितात. पायथनमधलं 'सायपाय' त्यातलंच. एकीकडचं उत्तर उचलून दुसरीकडं टाकलं की छत असलेला पूर बिनछताचा होतो. पोर्ट पिरीत आकडा शून्याजवळ असल्यानं फरक वीस सेंटिमीटरचाच पडतो. दुसरीकडं तो मीटरांतही जाऊ शकेल.

साडेदहा वाजले होते. भाऊजींनी आतून पाणी आणलं आणि मुंबईचं विचारलं. २६ जुलै २००५ला ते अंधेरीहून दादरपर्यंत चालत गेले होते, त्यामुळं तो दिवस आमच्या घरात दर वर्षी एकदा निघतोच. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत, त्याच शहरात, कुलाब्याला ७३. "तो तुमच्या आलेखात कुठं बसतो?"

बसत नाही, हे प्रामाणिक उत्तर. किंवा त्याला बसवायला आलेखच बदलावा लागतो. या प्रकारची एक गाजलेली केस व्हेनेझुएलाची आहे. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या माइकेतिया विमानतळावर १९९९च्या डिसेंबरात एका दिवसात ४१० मिलिमीटर पाऊस पडला. डोंगरावरून चिखल आणि दगड आले, हजारो माणसं गेली. त्याआधीच्या जवळजवळ पन्नास वर्षांत तिथला एका दिवसाचा पाऊस याच्या निम्म्यालाही पोचला नव्हता. कोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदींवर गम्बेलचा साधा, सरळ रेघेचा साचा लावला, तेव्हा असा पाऊस लाखो वर्षांतसुद्धा अपेक्षित नव्हता. आकाराचा आकडा मोकळा सोडल्यावर उत्तर हजारो वर्षांवर आलं. मग अनिश्चिततेचा पूर्ण पट्टा हिशेबात धरला, तेव्हा ते आणखी खाली, शेकड्यांत आलं. नोंद तीच, पाऊस तोच. पट्टा धरला की अशक्य वाटणारी गोष्ट अवघड पण कल्पनेतली होते. मला या सगळ्या विषयातलं हेच सर्वांत महत्त्वाचं उदाहरण वाटतं, आणि नेमकं तेच पाठ्यक्रमात शेवटच्या आठवड्यात येतं, जेव्हा निम्मा वर्ग रेल्वेचं तिकीट काढून बसलेला असतो.

"आणि सांगलीचा आलेख?" भाऊजींनी आठवण ठेवली होती.

सांगलीचा मी वर्गात घेत नाही, कारण या सूत्राची पहिली अट सांगलीत मोडते. सगळी वर्षं एकाच माठातून काढलेल्या चिठ्ठ्यांसारखी हवीत, अशी ती अट. आमच्या माठात मध्येच कोयना धरण आलं, वारणेचं आलं, नदीकाठी बांधकामं आली, आणि पाऊसही आता कमी दिवसांत जास्त कोसळतो असं दिसतं. १९५० सालचा पूर आणि २०१९चा पूर एकाच रांगेत उभे करून त्यांना नंबर द्यायचे का? खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणामुळं इथं पाणी तुंबतं का, हा वाद मी काढत नाही, त्यावर आमच्या गल्लीतच दोन तट आहेत. अमेरिकेत कोलोराडोतल्या वातावरण संशोधन केंद्रात तयार झालेलं 'एक्स्ट्रीम्स' हे पॅकेज आहे. त्यात सूत्रातले आकडे काळाबरोबर बदलू देता येतात. पण मग एक रेघ मिळत नाही, दर वर्षाची वेगळी मिळते. १९९०ची शंभर वर्षांची पातळी एक, २०२५ची दुसरी. शास्त्र म्हणून ते ठीक. पण नकाशा छापणाऱ्या माणसाला एकच रेघ लागते.

खरी अडचण मला तिथं वाटते. आलेखावर रेघेच्या दोन्ही अंगांना पट्टा असतो, रुंद, लाज वाटावी इतका रुंद. तो आकडा आधी क्युसेकमध्ये असतो, मग त्याची फुटांत पातळी होते, मग पातळीची जमिनीवर रेघ होते, आणि प्रत्येक पायरीवर आणखी थोडी चूक मिसळते. नकाशावर पोचेपर्यंत पट्टा मात्र गळून गेलेला असतो. उरते अर्धा मिलिमीटर जाडीची लाल शाई. जमीन सपाट असेल, पाचशे फुटांना एक फूट असा उतार असेल, तर पातळीत एका फुटाची चूक म्हणजे जमिनीवर पाचशे फूट. भाऊजींची चाळीस पावलं म्हणजे शंभर फूट.

रेघा काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. कायद्याला रेघच लागते, पट्ट्यावर दावा लावता येत नाही. पण नकाशाच्या कोपऱ्यात जिथं प्रमाण आणि उत्तर दिशा छापतात, तिथं 'या पातळीत अमुक फुटांची अनिश्चितता' एवढी ओळ छापायला शाई किती लागेल?

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एकाही मुलानं विचारला नव्हता. "प्लॉट घ्यायचा की नाही ते मी बघतो. घेतला तर जोतं किती उंच धरू?"

पट्ट्याचा खरा उपयोग हा. घ्या किंवा घेऊ नका, असं तो सांगत नाही. मधल्या आकड्यावर घर बांधलं तर वरची सगळी अनिश्चितता तुमच्या माजघरात येते, एवढं सांगतो.

त्यांनी प्लॉट घेतला. स्वस्त पडला, आणि शेजारी त्यांच्या मित्राचा आहे. मार्चमधल्या एका रविवारी आम्ही गवंड्याला घेऊन तिथं गेलो. त्यानं पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली होती. एक टोक त्यानं शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीला लावलं, दुसरं आमच्या खुंटीला. त्या भिंतीवर २०१९च्या पाण्याची खूण होती. घरमालकानं नंतर चुना दिला होता, तरी ती खालून उमटली होती, पिवळट, गाळाच्या रंगाची.

"हिच्यावर धरू का, ताई?" गवंड्यानं विचारलं.

मी जवळ जाऊन पाहिलं. पाणी तिथं काही दिवस हलत उभं राहिलं असणार, रोज थोडं वर, थोडं खाली. खूण वीतभर जाड होती. खालची कड ठळक होती, हात ठेवता येईल अशी. वरची हळूहळू फिकट होत चुन्यात मिसळून गेली होती, ती नेमकी कुठं संपते ते बोटानं दाखवता येत नव्हतं.

भाऊजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "वहिनी, खालची कड धरायची, की वरची?"

"वरची," मी म्हटलं. "आणि तिथून तेवीस इंच."

गवंडी म्हणाला, "तेवीस कशाला, दोन फूट करू," आणि नळी वर उचलली.